सामुराई मूल्ये: हा चल मोजायचा कसा?

‘सामुराई मूल्यांमुळे अपंग तरुणांना यशस्वी व्हायला मदत होते.’ हे विधान कानाला बरं वाटतं. त्यात शौर्य आहे, शिस्त आहे, दूरच्या देशाचं आकर्षण आहे आणि शेवटी यश आहे. असं वाक्य कोणाला खोडून काढावंसं वाटेल? पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी नेमकं अशाच वाक्यापाशी थांबायला हवं, कारण ते गृहीतकाच्या वेशात येतं. डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम, मध्ये एक विशिष्ट गट. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाकायला अगदी तयार. आज हे वाक्य आपण सुटं करून बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मार्शल आर्ट्समुळे मुलांचं काहीच भलं होत नाही, असं मला म्हणायचं नाही. होतं, आणि त्याचे काही पुरावेही आहेत, त्यांच्याकडे येतेच. प्रश्न असा आहे की ते भलं ‘सामुराई मूल्यां’मुळे झालं, हे तपासलं कोणी आणि कसं? आणि नीट न तपासता तसं म्हटलं तर कोणाचं काय बिघडतं?

बिघडतं ते असं. वाक्य उलटं करून वाचा. धैर्य, निष्ठा, आत्मसंयम यांमुळे यश मिळत असेल, तर पदवी घेऊन तीन वर्षं झाली तरी नोकरी न मिळालेल्या व्हीलचेअरवरच्या मुलीत काय कमी होतं? धैर्य? की निष्ठा? तर्कशास्त्राप्रमाणे एखादं विधान खरं असलं म्हणून त्याचं उलट विधान आपोआप खरं होत नाही, हे मान्य. पण आईवडील, मुख्याध्यापक आणि निधी देणाऱ्या समित्या काही तर्कशास्त्राची परीक्षा देऊन बसलेल्या नसतात. त्या वाक्यातून त्यांच्या मनात उरतं ते एवढंच: अडचण मुलाच्या मनात आहे, उपायही तिथेच करायचा. इमारतीच्या पायऱ्या, बसचा उंच दरवाजा, नोकरी देणाऱ्याचा तोंडावरचा नकार, हे सगळं चित्रातून बाहेर.

आता पहिला शब्द, ‘सामुराई मूल्ये’.

न्याय, धैर्य, करुणा, विनय, सचोटी, मान, निष्ठा अशी जी सात मूल्यांची यादी क्लासच्या भिंतींवर दिसते, ती कुठून आली? सामुराईंनी ती तलवारीसोबत पिढ्यानपिढ्या जपली, असं आपण धरून चालतो. त्या यादीचं मूळ मुख्यतः एका पुस्तकात सापडतं: नितोबे इनाझो यांचं ‘बुशिदो’. प्रकाशन १९००, भाषा इंग्रजी, लिहिण्याचं ठिकाण अमेरिका, वाचक पाश्चात्त्य. नितोबे १८६२ साली मोरिओकाच्या एका सामुराई घराण्यात जन्मले, पण ते तेरा वर्षांचे असताना, १८७६ मध्ये, तलवार बाळगण्यावरच बंदी आली. त्यांचं शिक्षण साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे अमेरिका-जर्मनीत झालं. धर्माने ते ख्रिस्ती, पंथाने क्वेकर, आणि पत्नी अमेरिकन. तुमच्या देशात शाळेत धर्म शिकवत नाहीत, मग नीती शिकवता कशी, असा प्रश्न त्यांना एका बेल्जियन कायदेपंडिताने विचारला होता. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पुस्तक उभं राहिलं. त्यात पानोपानी युरोपातल्या सरदारांशी तुलना आहे. पुस्तक सुंदर आहे, वाचावं असं आहे. पण सामुराई प्रत्यक्षात कसे वागत याची ती नोंद नाही. नवं जपान जगाला कसं दिसावं, याचं ते चित्र आहे.

हे काही आजचं शहाणपण नाही. जपानमध्ये दीर्घकाळ राहिलेले अभ्यासक बेसिल हॉल चेंबरलेन यांनी १९१२ मध्येच लिहिलं होतं की बुशिदो ही नव्याने घडवलेली गोष्ट आहे. ओलेग बेनेश यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात हीच प्रक्रिया मेजी काळापासून कागदपत्रांच्या आधारे तपशिलात दाखवली. सामुराई वर्गाची सद्दी संपल्यावर ‘सामुराईंचा मार्ग’ एकसंध तत्त्वज्ञान म्हणून पुढे आला.

बरं, जुना मजकूर उघडला तर तो तरी भिंतीवरच्या यादीशी जुळतो का? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सागा संस्थानातल्या यामामोतो त्सुनेतोमो यांनी सांगितलेलं ‘हागाकुरे’ पाहा. त्याचा भर मरणाच्या अखंड तयारीवर आणि धन्यावरच्या निष्ठेवर आहे. करिअर मार्गदर्शनाला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि १९४१ मध्ये जपानी सैनिकांना जी आचारसंहिता दिली गेली, तिने जिवंत पकडलं जाण्याची लाज पत्करू नका, असं बजावलं. तीही याच परंपरेचं नाव घेऊन. म्हणजे एकाच नावाखाली तीन काळांत तीन वेगवेगळ्या गोष्टी. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर आपल्या स्वतंत्र चलाची व्याख्याच स्थिर नाही. जो चल कोण वापरतो त्यावर बदलतो, तो मोजायचा कसा?

एक सोपी चाचणी सांगते, कुठल्याही प्रस्तावाला लावून बघा. वाक्यातला मुख्य शब्द बदला. ‘सामुराई’ काढून ‘मावळ्यांची मूल्ये’ घाला, ‘स्पार्टाची मूल्ये’ घाला, ‘वारकरी मूल्ये’ घाला. वाक्य तितकंच खरं वाटतंय ना? मग मूळ शब्द तिथे काही काम करत नव्हता, नुसता शोभेला होता.

जाता जाता एक तपशील, मला फार आवडणारा. नितोबे यांनी ‘बुशिदो’ लिहिलं ते दीर्घ आजारपणाच्या सक्तीच्या विश्रांतीत. मानसिक थकव्याने त्यांना काम सोडून हवापालटासाठी परदेशी जावं लागलं होतं. आत्मसंयमाचं हे जगप्रसिद्ध पुस्तक विश्रांती, मोकळा वेळ आणि घरच्यांचा आधार मिळालेल्या माणसाने लिहिलंय. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. पण धैर्याबरोबर रजाही लागते, एवढं त्यातून दिसतं.

मग सामुराई समाजात प्रत्यक्ष अपंग मुलाचं काय होई? याचं एक उदाहरण चांगलं नोंदलेलं आहे. सुगियामा वाइची, जन्म १६१०, त्सू संस्थानातलं सामुराई घराणं. लहानपणीच दृष्टी गेली. आंधळा मुलगा तलवारीची चाकरी करणार नाही, म्हणजे घराण्याचा वारस होणार नाही. सामुराई व्यवस्थेत त्याच्यासाठी जागा उरली नाही. तो एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला आणि ॲक्युपंक्चर शिकू लागला. त्या काळी जपानमध्ये अंधांचा एक संघटित व्यावसायिक संघ होता, ‘तोदोझा’. वाद्यवादन, मालिश, सुया टोचण्याचं वैद्यक अशा कामांत अंधांना हक्काची जागा आणि त्यात चढत्या पदव्या होत्या. सुगियामा यांचं नाव आज घेतलं जातं ते सुई नळीतून घालण्याच्या पद्धतीसाठी. बारीक नळी त्वचेवर टेकवायची, सुई तिच्यातून घालायची आणि वरून हलका टिचका मारायचा. डोळ्यांनी नेम धरावा लागत नाही, बोटांना जागा कळते आणि दुखतंही कमी. आज डोळस वैद्यही तीच नळी वापरतात. पुढे शोगुन त्सुनायोशी यांनी त्यांना मोठं पद दिलं आणि त्यांनी अंधांसाठी ॲक्युपंक्चरच्या शाळा चालवल्या. पॅरिसमधली अंधांची प्रसिद्ध शाळा निघाली ती त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी.

आता सांगा, या यशाचं कारण कोणत्या रकान्यात लिहाल? धैर्य होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण त्याच्या जोडीला बदललेलं हत्यार होतं, अंधांना सामावणारा व्यवसाय होता, संघ होता, राजाश्रय होता. आणि सामुराई मूल्ये? ज्या घरात ती असायला हवी होती, त्याच घरात त्यांना वारसा मिळाला नाही. हा तोदोझा संघ १८७१ मध्ये, नव्या राजवटीच्या सुधारणांच्या ओघात, बरखास्त झाला. हजारो अंधांची बांधलेली उपजीविका गेली. त्यांचं धैर्य त्या वर्षी अचानक आटलं, असं कोणी म्हणेल का?

आता प्रयोगांकडे. ‘सिद्ध झालंय’ असं म्हणणारे बहुतेक वेळा मार्शल आर्ट्सवरच्या अभ्यासांकडे बोट दाखवतात, म्हणून ते अभ्यास शीर्षकापाशी न थांबता पुढे वाचायला हवेत.

२०१२ मध्ये बहरामी आणि सहकाऱ्यांनी इराणमध्ये केलेला अभ्यास वारंवार सांगितला जातो. ५ ते १६ वयोगटातली स्वमग्नता असलेली ३० मुलं. पंधरा जणांना १४ आठवडे, आठवड्यातून चार वेळा, म्हणजे एकूण ५६ तासिका ‘काता’ शिकवला. काता म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींचा ठरलेला क्रम. उरलेल्या पंधरा जणांना व्यायाम नाही. हात फडफडवणं, डुलणं यांसारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली शिकलेल्या गटात सरासरी सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाल्या आणि सराव थांबवून महिना झाला तरी परिणाम टिकून होता. आकडा मोठा आहे. मेहनतही मोठी आहे; अशा ५६ तासिका घेणं म्हणजे चेष्टा नाही.

पण तुलना कशाशी आहे ते बघा: काहीच न करणाऱ्या गटाशी. मग फरक काताने पडला, की नुसत्या शारीरिक श्रमाने? की आठवड्यातून चार वेळा एक मोठं माणूस लक्ष देऊन शिकवत होतं म्हणून? या रचनेतून ते वेगळं काढताच येत नाही. ‘मूल्यं’ तर लांबच राहिली, कारण तपासला गेला तो हालचालींचा क्रम. शिवाय कराटे सामुराईंचं नव्हेच. ते ओकिनावाचं, म्हणजे पूर्वीच्या र्‍युक्यू राज्याचं, ज्यावर १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी स्वारी केली होती. ओकिनावाच्या फुनाकोशी गिचिन यांनी ते टोकियोत दाखवलं १९२२ मध्ये. त्याला ‘सामुराई परंपरा’ म्हणणं म्हणजे... असो, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी राग गिळावा.

रचनेच्या दृष्टीने २००४ चा लेक्स आणि हॉइट यांचा अभ्यास सरस आहे. अमेरिकेतल्या एका शाळेतली २०७ मुलं, तीन महिने. वर्गांची विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक. एका बाजूला तायक्वांदो, दुसऱ्या बाजूला नेहमीचा पीटीचा तास. म्हणजे घाम दोघांनीही गाळला. तरीही तायक्वांदोच्या गटात स्वतःवर ताबा ठेवणं, वर्गातलं वागणं यांत जास्त सुधारणा दिसली. इथे ‘व्यायामच कारणीभूत असेल’ ही शंका बरीचशी मिटते. पण त्या तासांत मुलांना स्वतःकडे लक्ष द्यायला लावणारे प्रश्नही मुद्दाम विचारले जात: मी आत्ता काय करतोय, काय करायला हवं? तर मग काम लाथांनी केलं की प्रश्नांनी? आणि ही सर्वसाधारण शाळेतली मुलं होती. निष्कर्ष सरळ उचलून अपंग तरुणांवर ठेवता येत नाही.

मूल्यं आणि कवायत वेगळी करून पाहणारा माझ्या माहितीतला सर्वांत धीट प्रयत्न ट्रल्सन यांचा, १९८६ चा. कायद्याच्या कचाट्यात येण्याकडे कल असलेली १३ ते १७ वयाची ३४ मुलं, तीन गट, सहा महिने. पहिल्या गटाला पारंपरिक तायक्वांदो: ध्यान, तत्त्वज्ञान, आदर आणि मग तंत्र. दुसऱ्याला नुसती लढण्याची तंत्रं. तिसऱ्याला धावणं आणि बास्केटबॉल. पहिल्या गटात आक्रमकता कमी झाली, आत्मविश्वास वाढला. दुसऱ्या गटात आक्रमकता वाढली. म्हणजे तत्त्वज्ञानाने काहीतरी केलं! मूल्यवाद्यांच्या हातात यापेक्षा चांगला पुरावा नाही, आणि गंमत म्हणजे तेच तो क्वचित सांगतात. पण नमुना छोटा आहे, गटामागे सरासरी अकरा-बारा मुलं. परंपरा कोरियन आहे. अपंगत्वाचा प्रश्न त्यात नाही. आणि सहा महिने मायेने बोलणारा शिक्षक विरुद्ध नुसता मारायला शिकवणारा शिक्षक, हा फरक तत्त्वज्ञानाचा की माणसाचा, हेही उरतंच.

तीन अभ्यास, तिन्ही वाचनीय. पण आपलं मूळ वाक्य यांपैकी एकानेही तपासलेलं नाही.

वाक्याचा शेवटचा शब्द ‘यश’. मला सगळ्यात जास्त अडचण इथे वाटते. बहरामींच्या अभ्यासात यश म्हणजे हात फडफडवणं कमी होणं. कोणाच्या लेखी यश? २०१९ मध्ये कॅप आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांनाच या हालचालींबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की त्या स्वतःला शांत करायला, भावनांचा पूर आवरायला उपयोगी पडतात, आणि त्या बंद पाडायच्या उपचारांना त्यांनी विरोध केला. म्हणजे एका प्रबंधातलं यश हे दुसऱ्या माणसाच्या लेखी हातातली काठी काढून घेणं असू शकतं. कोणता परिणाम मोजायचा हे संशोधक एकटाच ठरवतो, तेव्हा असं होतं.

जपानमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी तर हा प्रश्न फार तिखट शब्दांत विचारून ठेवलाय. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांची ‘आओइ शिबा नो काइ’ ही संघटना १९५७ मध्ये स्थापन झाली. १९७० मध्ये योकोहामात एका आईने आपल्या दोन वर्षांच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला मारलं. आजूबाजूच्या लोकांनी आईला सौम्य शिक्षा व्हावी म्हणून सह्यांची मोहीम काढली: बिचारी आई, काय करणार. संघटनेच्या कानागावा शाखेने या मोहिमेला विरोध केला. मेलेल्या मुलीची बाजू कोणी घेतच नव्हतं. त्याच वर्षी योकोता हिरोशी यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी प्रेम आणि न्याय दोन्ही नाकारत असल्याचं जाहीर केलं, कारण त्यांच्या मते हे मोठे शब्द धडधाकट लोकांच्या स्वार्थावर पांघरूण घालतात. आता बघा, न्यायासाठीच्या जपानी शब्दात, ‘सेइगी’मध्ये, जे ‘गी’ अक्षर आहे, तेच बुशिदोच्या यादीतलं पहिलं मूल्य. ज्यांच्या भल्यासाठी आपण हे मूल्य सुचवतोय, त्यांच्यातल्याच काहींनी, त्याच भाषेत, त्याच देशात, ते नाकारलं होतं. साहित्याचा आढावा घेताना ही गोष्ट सुटली तर आढावा कसला?

त्यांची भीती हवेतली नव्हती. ‘निकृष्ट’ संतती होऊ नये म्हणून सक्तीची नसबंदी करू देणारा कायदा जपानमध्ये १९४८ पासून १९९६ पर्यंत लागू होता. सुमारे २५ हजार लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य संमतीशिवाय. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य होता असा निकाल दिला. १९७० च्या दशकात त्यातल्या एका दुरुस्तीविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांत आओइ शिबा होती. १९७७ मध्ये कावासाकीत हेच लोक व्हीलचेअरसह बसमध्ये जाऊन बसले, कारण बस कंपन्या त्यांना घ्यायला तयार नव्हत्या. याला धैर्य म्हणायचं नाही तर कशाला? पण आत्मसंयम, विनय, वरिष्ठांवर निष्ठा या रकान्यांत त्यांना किती गुण मिळतील? बहुधा शून्य.

मग जपानमध्ये दारं उघडली ती कशाने? एक उदाहरण पुरे. नाकामुरा युताका हे अस्थिशल्यचिकित्सक. १९६० मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांच्याकडे त्यांनी पाठीच्या कण्याच्या रुग्णांसाठी खेळ कसे वापरतात ते पाहिलं. १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ते जपानी संघाचे प्रमुख होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की परदेशी खेळाडू नोकरी करतात, संसार करतात, संध्याकाळी शहरात फिरायला जातात. आपले बहुतेक खेळाडू रुग्णालयातून आणि आश्रमांतून आलेत. दोन्हीकडचं धैर्य सारखंच, कारण पदकं दोघंही मिळवत होते. फरक नोकरीचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी बेप्पू शहरात ‘ताइयो नो इए’, सूर्याचं घर, काढलं. धोरण असं की दया नको, संधी द्या. १९७२ मध्ये ओम्रॉन कंपनीबरोबर संयुक्त कारखाना निघाला, पुढे सोनी, होंडा आले. कामगाराला यंत्राजोगं करण्याऐवजी यंत्र, टेबल, हत्यार कामगाराजोगं केलं. सुगियामांची नळीच ती, तीनशे वर्षांनंतरची.

कायद्यानेही काम केलं. १९७६ पासून कंपन्यांना अपंग कर्मचाऱ्यांचं ठरावीक प्रमाण बंधनकारक झालं. कमी पडलं तर मोठ्या कंपन्यांना पैसे भरावे लागतात. २०१८ मध्ये मात्र उघड झालं की खुद्द केंद्र सरकारची खाती आपला आकडा तीन हजारांहून अधिक लोकांनी फुगवून सांगत होती. सचोटी हे मूल्य कोणाला शिकवायचं, तरुणांना की मंत्रालयांना, असा चेष्टेचा प्रश्न मनात येतो.

आणि ज्युडो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या कुस्तीप्रकारांतून घडवलेला हा खेळ १९८८ पासून दृष्टी नसलेल्यांसाठी पॅरालिम्पिकमध्ये आहे. नियमांत मोठा बदल एकच: लढत सुरू होते ती दोघांनी एकमेकांच्या कपड्यांवर पकड घेऊनच. पकड सुटली की पंच थांबवतात आणि पुन्हा पकडीपासून सुरुवात. बस. एवढ्या एका नियमाने न दिसणाऱ्या माणसाला समोरच्याचा तोल, वजन, इरादा सगळं हाताला कळू लागतं. पॅरिस २०२४ मध्ये कपिल परमार यांनी भारताला पॅरा-ज्युडोतलं पहिलं पदक, कांस्य, मिळवून दिलं ते याच नियमाने खेळून. त्यांची जिद्द त्यांची, पण लढतीची सुरुवात पकडीपासून झाली नसती तर ती जिद्द कुठे लागली असती?

आपल्याकडेही हीच सवय आहे, नाव वेगळं. गेल्या दहाएक वर्षांत सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ शब्द आला. माणसाच्या आत काहीतरी दिव्य आहे असं म्हटलं की रॅम्पचा विषय जरा मागे सरकतो. २०१६ च्या कायद्यात मात्र दिव्यत्वाबद्दल काही नाही. त्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागा आहेत, वास्तू सुगम करण्याची जबाबदारी आहे. मोजता येतील अशा गोष्टी.

तरीही कोणाला याच विषयावर काम करायचं असेल तर? करावं. क्लासमध्ये काहीतरी घडतं, ते मीही नाकारत नाही. तिथे तासाचा क्रम रोज तोच असतो. पुढची पायरी पट्ट्याच्या रंगाने डोळ्यांसमोर असते. तुलना कालच्या स्वतःशी होते. आत जाताना आणि बाहेर पडताना सगळे सगळ्यांना सारखंच वाकतात. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिता येते, निरीक्षणपत्रिकेत टाकता येते. ‘सामुराई मूल्ये’ हा एक शब्द काढून या चार ओळी घातल्या तरी प्रस्ताव निम्मा सुधारेल.

आणि तुलनेचा गट निवडताना थोडं स्थानिक डोकं चालवा. महाराष्ट्रात त्यासाठी आयती गोष्ट आहे: लेझीम. ठरलेल्या हालचालींचा ठरलेला क्रम, ताल, रांग, शिक्षकाची शिट्टी, सगळं काताशी समांतर; सामुराई मात्र कुठेच नाही. एका गटाला काता आणि मूल्यांवर बोलणं, दुसऱ्याला नुसता काता, तिसऱ्याला तितकेच तास लेझीम. तिन्हीकडे प्रत्येक शिक्षकाने आळीपाळीने शिकवायचं, म्हणजे माणसाचा प्रभाव वेगळा काढता येईल. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे सांगायचं नाही. काय मोजायचं ते सहभागी तरुणांशी बोलून आधी ठरवायचं आणि लिहून ठेवायचं, निकाल आल्यावर नाही. कोणी मध्येच सोडलं तर का सोडलं, याची नोंद ठेवायची. आणि जे आलेच नाहीत त्यांचीही: क्लास दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर तुमच्या नमुन्यात फक्त जिना चढू शकणारेच येणार. त्यामुळे पहिल्या भेटीला जाताना प्रश्नावलीच्याही आधी वहीत पायऱ्यांची संख्या लिहून घ्या.